जुन्या बुलीचे टॅपेट: आधी ओळख, मग नोंद, मग पाना

माझी फोक्सवागनची कॅम्पर बस १९७१ ची आहे. मागे १६०० सीसीचं हवेने थंड होणारं इंजिन, वर उचलता येणारं छप्पर, आत लाकडी कपाटं आणि रात्री पलंग होणारा बाक. जर्मनीत या गाडीला लाडाने ‘बुली’ म्हणतात. ती घेतली त्या दिवशी आधीच्या मालकांनी इंजिन चालू केलं आणि अभिमानाने म्हणाले, “ऐका, किती शांत चालतंय.” खरंच शांत होतं. त्या शांततेवर मी भाळले.

पुढच्याच उन्हाळ्यात ऑस्ट्रिया-इटली सीमेवरच्या ब्रेनर खिंडीच्या चढावर गाडीचा दम गेला. चारपैकी एक सिलिंडर काम करेना. इंजिन उतरवून हेड (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह बसतात) उघडलं, तेव्हा तीन नंबरच्या एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची कड एका जागी जळून उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती. त्या व्हॉल्व्हला फट उरलीच नव्हती. टॅपेटची टकटक जावी म्हणून कधीतरी कोणीतरी स्क्रू जरा जास्त आवळला होता, आणि नंतर कोणी मोजलं नव्हतं.

तेव्हापासून दर ५,००० किलोमीटरला मी टॅपेट स्वतः सेट करते, म्हणजे व्हॉल्व्हची ही फट पुन्हा मापात आणते. फोक्सवागनच्या या बस आता पन्नाशी ओलांडलेल्या आहेत. युरोप-अमेरिकेत राहणारी आपली मंडळीही त्या हौसेने घेतात, आणि टॅपेटचं काम आलं की गॅरेज शोधत फिरतात. त्याची गरज नाही. काम दीड-दोन तासांचं आहे, अवजारं मोजकी लागतात. यात अवघड भाग पाना फिरवण्याचा नाही. आपण नेमक्या कोणत्या सिलिंडरच्या कोणत्या व्हॉल्व्हला हात लावतोय, हे खात्रीने ओळखणं अवघड आहे. म्हणून ओळखीवर मी जास्त वेळ घालवणार आहे.

फट कशासाठी

कॅमशाफ्ट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरचं एक टोक ढकलतो आणि रॉकरचं दुसरं टोक व्हॉल्व्हची दांडी दाबून व्हॉल्व्ह उघडतं. रॉकरच्या त्या टोकाला एक स्क्रू असतो, त्याला लॉकनट. व्हॉल्व्ह बंद असताना या स्क्रूचं टोक आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये केसाएवढी जागा राहिली पाहिजे. तीच आपली फट.

व्हॉल्व्ह बंद होऊन आपल्या सीटवर टेकतो, तेव्हाच त्याची उष्णता हेडमध्ये उतरते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तर जळत्या वायूच्या झोतातच उभा असतो, त्यामुळे सीटवर टेकण्याचे ते क्षण हीच त्याची विश्रांती. फट संपली तर व्हॉल्व्ह पूर्ण टेकत नाही. उष्णतेला बाहेर जायला वाट नाही, कडेच्या बारीक चिरेतून आगीची धार निसटत राहते, आणि माझ्या तीन नंबरचं झालं ते होतं. फार वाईट नशीब असेल तर व्हॉल्व्हचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडतं, मग पिस्टन आणि हेड दोन्ही जातात.

फट जास्त असली तर आवाज येतो, व्हॉल्व्ह थोडा कमी उघडतो, ताकद जराशी घटते आणि भागांवर ठोके बसून झीज होते. हे चांगलं नाही, पण ते कानाला कळतं आणि सावकाश होतं. फट संपल्याचा मात्र आवाज येत नाही. या इंजिनाची हलकी टकटक ऐकू आली की मला आता बरं वाटतं.

आधी इंजिन ओळखा

बसच्या मागच्या दारातून दोन वेगळ्या घराण्यांची इंजिनं दिसू शकतात. वरच्या बाजूला उभा पंख्याचा डबा, त्यावर आडवा डायनॅमो आणि खालच्या पुलीपासून वर जाणारा फॅन बेल्ट दिसला, तर ते बीटल घराण्याचं इंजिन. १२००, १५०० आणि १६०० सीसीची बसची इंजिनं याच घडणीची. इंजिनाचा नंबर डायनॅमोच्या स्टँडखाली क्रँककेसवर ठोकलेला असतो. सुरुवातीच्या अक्षरांवरून इंजिन कोणत्या काळातलं ते कळतं. पन्नास वर्षांत इंजिन बदललेलं असण्याची शक्यता दाट असते, म्हणून गाडीच्या कागदावर विसंबू नका, तो नंबर पाहा.

पंखा वर नसून मागच्या बाजूला थेट क्रँकशाफ्टवर बसवलेला असेल आणि सगळं इंजिन बसकं, पसरट दिसत असेल, तर ते ‘टाइप ४’. १९७२ च्या मॉडेलपासून काही बसमध्ये ते आलं, आधी १७००, मग १८००, मग २००० सीसी. त्याची फट वेगळी असते: इनलेट (हवा-इंधन आत घेणारा व्हॉल्व्ह) ०.१५ मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.२०. अमेरिकेत विकलेल्या १९७८ च्या मॉडेलपासून पुढच्या २००० सीसीच्या इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट आले. ते तेलाच्या दाबाने फट स्वतःच भरतात, त्यांना खालची रीत लावू नका.

पुढचं सगळं बीटल घराण्याच्या १६०० सीसी इंजिनासाठी आहे. याची फट इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हींना ०.१५ मिलिमीटर, इंजिन थंड असताना. साठच्या दशकातल्या मालकाच्या पुस्तिकेत ०.१० छापलेलं दिसेल. कंपनीने नंतर तो आकडा वाढवून ०.१५ केला, तोच धरा. जुन्या १२०० सीसीच्या काही इंजिनांचे आकडे याहून निराळे आहेत. तुमचं इंजिन त्यातलं असेल तर त्या वर्षाची पुस्तिका मिळवल्याशिवाय पाना उचलू नका.

आमच्या बाबांची जुनी बुलेट होती. दर दोन-तीन महिन्यांनी रविवारी अंगणात बसून ते तिचे टॅपेट बघायचे. पुशरॉड बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, पण वर-खाली खेळता कामा नये, असा त्या गाडीचा हिशोब. मी ते बघत मोठी झाले, त्यामुळे बोटांना तीच सवय होती. बुलीवर तो अंदाज चालत नाही. इथे पातं घालून मोजलेली फट हवी. ज्यांचा हात बुलेटवर बसलाय त्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवा.

सिलिंडर कोणता कुठे

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, आणि त्याचं मूळ भाषेत आहे. ‘ड्रायव्हरची बाजू’ म्हणजे जर्मनीत डावी, इंग्लंडात आणि भारतात उजवी. म्हणून तो शब्दच सोडून द्या. गाडीच्या मागे, इंजिनाकडे आणि गाडीच्या नाकाकडे तोंड करून उभे राहा. तुमचा उजवा हात तो उजवा, डावा तो डावा. ‘पुढे’ म्हणजे गाडीच्या नाकाच्या दिशेने, तुमच्यापासून लांब.

आता उजवीकडे लांबचा सिलिंडर एक नंबर, उजवीकडे जवळचा दोन. डावीकडे लांबचा तीन, डावीकडे जवळचा चार. सिलिंडरवरच्या पत्र्यावर बऱ्याचदा हे आकडे ठोकलेले सापडतात, पण पत्रा बदललेला असू शकतो, म्हणून डोक्यातला नकाशा पक्का करा. मी पहिल्या वर्षी मागच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने काढून ठेवला होता.

तीन नंबरचा सिलिंडर या इंजिनात सर्वांत जास्त तापतो. तेल थंड करणारा कूलर पंख्याच्या डब्यात बरोबर त्याच्या वाटेवर उभा असायचा. कूलरमधून तापून आलेली हवाच त्याच्या वाट्याला यायची. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर डब्याबाहेर वेगळ्या कप्प्यात नेला आणि परिस्थिती पुष्कळ सुधारली. तरी मोजताना तीन नंबरकडे मी डोळ्यांत तेल घालून बघते.

इनलेट कोणता, एक्झॉस्ट कोणता

प्रत्येक बाजूच्या टॅपेट कव्हरखाली चार रॉकर एका रांगेत दिसतात. या घराण्यात रांग ठरलेली आहे: दोन्ही टोकांना एक्झॉस्ट, मधले दोन इनलेट. पुढचे दोन रॉकर पुढच्या सिलिंडरचे, मागचे दोन मागच्या सिलिंडरचे. म्हणजे उजव्या बाजूला पुढून मागे जाताना एक नंबरचा एक्झॉस्ट, एक नंबरचा इनलेट, दोन नंबरचा इनलेट, दोन नंबरचा एक्झॉस्ट. डावीकडेही तसंच, तीन आणि चारचे.

पाठ करायची गरज नाही, नळ्यांवरून कळतं. कार्बोरेटरकडून येणारी इनलेटची नळी हेडला वरून मधोमध येऊन मिळते, म्हणून इनलेट मध्ये. एक्झॉस्टची नळी हेडच्या पुढच्या टोकातून आणि मागच्या टोकातून निघते, म्हणून एक्झॉस्ट टोकांना. हातात दुसरं कुठलं इंजिन आलं तरी हीच युक्ती: धुराची नळी ज्या जागी हेडला भिडते, तिथला व्हॉल्व्ह एक्झॉस्ट.

अवजारं आणि तयारी

फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, ज्यात ०.०५, ०.१०, ०.१५ आणि ०.२० ची पाती असतील. लॉकनटसाठी १३ नंबरचा रिंग पाना, काही जुन्या रॉकरना १४ लागतो. स्क्रूच्या खाचेत नीट बसणारा रुंद, आखूड स्क्रू ड्रायव्हर. प्लग पाना. डायनॅमोच्या पुलीच्या नटासाठी २१ नंबरचा पाना. टॅपेट कव्हरची बुचाची दोन नवी पॅकिंग. एक तसराळं, जुनी सुती कापडं, खडू किंवा पांढरा रंग. आणि एक वही. वही यादीत शेवटी आली, पण तिच्याशिवाय मी काम सुरू करत नाही.

इंजिन रात्रभर उभं राहिलेलं हवं. क्रँककेस, सिलिंडर, हेड, पुशरॉड हे सगळे वेगवेगळ्या धातूंचे आणि लांबीचे, तापले की प्रत्येक जण आपापल्या मापाने वाढतो. कोमट इंजिनावर घेतलेलं माप कामाचं नाही. मी शनिवारी सकाळी, चहाच्या आधी, गाडी हलवायच्या आधी करते. एकदा घाईत एका गॅरेजमध्ये गाडी दिली होती. मी वीस किलोमीटर चालवत नेली आणि त्यांनी ती लगेच आत घेऊन टॅपेट ‘सेट करून’ दिले. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर मोजलं तर आठपैकी एकही माप बरोबर नव्हतं.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, चाकांच्या पुढे-मागे दगड. बॅटरीची ऋण तार सोडवा. बस उंच असते, बहुतेकांना जॅक न लावता मागच्या चाकाशेजारून आडवं होऊन हात पोचतो. जॅक लावावाच लागला तर नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका, घोडे (आधाराचे लोखंडी स्टँड) लावा.

चारही प्लग काढून ठेवा. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा विरोध) राहत नाही, इंजिन हाताने अलगद फिरतं आणि हवं तिथे थांबतं. काढताना तारांना नंबराची चिठ्ठी चिकटवा. प्लगचे रंगही त्याच क्रमाने बघून वहीत लिहा, तीन नंबरचा प्लग इतरांपेक्षा पांढरट असेल तर ती खूण आहे.

टॅपेट कव्हर उघडणं

कव्हरला जाड तारेची एक कडी दाबून धरते. कव्हरभोवतीची माती आधी ब्रशने साफ करा, नाहीतर ती आत रॉकरवर पडेल. तसराळं खाली ठेवा. कडीखाली स्क्रू ड्रायव्हर घालून ती खालच्या दिशेने सरकवा, ‘टक्’ करून सुटते. कव्हर हलवून काढा. थोडं तेल सांडेल, घाबरू नका. जुनं पॅकिंग कव्हरला किंवा हेडला चिकटून राहतं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, लोखंडी पातीने खरवडलंत तर ओरखड्यातून कायम तेल पाझरेल. लाकडाची पट्टी वापरा.

उघडल्यावर लगेच मोजायला जाऊ नका, दोन मिनिटं नुसतं बघा. तेलात चंदेरी चुरा आहे का? एखादी स्प्रिंग तुटलीये का? रॉकर शाफ्टचे नट ढिले नाहीत ना? स्क्रूचं टोक दांडीच्या बरोबर मध्यावर न टेकता किंचित बाजूला टेकलेलं दिसेल. ते मुद्दाम तसं केलेलं आहे, त्यामुळे व्हॉल्व्ह उघडमिट करताना जरा जरा फिरत राहतो आणि एकाच जागी झिजत नाही. ते ‘दुरुस्त’ करू नका.

एक नंबर वर आणणं

प्रत्येक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या शेवटी, पिस्टन अगदी वर असताना तपासायचा. त्या क्षणी त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण बंद असतात.

डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाचं झाकण काढा. आत फिरणारा रोटर दिसेल. कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरच्या कडेला एक बारीक खाच असते, ती एक नंबरची. २१ चा पाना डायनॅमोच्या नटावर लावून इंजिन फिरवत न्या, रोटरचं टोक त्या खाचेसमोर येईपर्यंत. बेल्ट घसरत असेल तर दुसऱ्या हाताने तो आत दाबा. मग खालच्या मोठ्या पुलीवरची खूण क्रँककेसच्या दोन अर्ध्या भागांच्या मधल्या उभ्या सांध्यासमोर आणा.

पुलीवर कधी एक, कधी दोन-तीन खाचा असतात, आणि त्यातल्या काही टायमिंगच्या (ठिणगीच्या वेळेच्या) असतात, पिस्टन वर असल्याच्या नव्हे. या कामापुरतं ते आड येत नाही. त्या वेळी कॅम व्हॉल्व्हपासून बराच लांब वळलेला असतो, पाच-दहा अंश इकडेतिकडे झाले तरी फटीत फरक पडत नाही. त्या खुणेच्या बरोबर समोर, पुलीच्या दुसऱ्या कडेला, रंगाचा एक ठिपका द्या. तो पुढे लागेल.

डिस्ट्रिब्युटर कधीकाळी चुकीच्या दाताला बसवलेला असू शकतो, म्हणून मी रोटरवर एकट्यावर विश्वास ठेवत नाही. खात्री अशी करा. या इंजिनाचा फायरिंगचा क्रम १-४-३-२. एक आणि तीन एकमेकांपासून पूर्ण फेऱ्याने लांब आहेत, म्हणजे एक नंबर कॉम्प्रेशनच्या शेवटी असतो तेव्हा तीन नंबरचा एक्झॉस्ट बंद होत असतो आणि इनलेट उघडत असतो. डावीकडचं कव्हर काढून पुली थोडी पुढे-मागे हलवा. तीन नंबरचे दोन्ही रॉकर सीसॉसारखे उलटसुलट हलले आणि एक नंबरचे जागच्या जागी राहिले, तर तुम्ही बरोबर ठिकाणी आहात. उलटं दिसलं, तर पुली एक पूर्ण फेरा फिरवा. ही परीक्षा मला इतकी आवडते की आता रोटर बघायच्या आधीच मी ती करते.

मोजा, लिहा, मगच फिरवा

आता उजवीकडे, पुढचे दोन रॉकर. ०.१५ चं पातं एक्झॉस्टच्या स्क्रूच्या टोकाखाली सरकवा. सरळ, आडवं, वाकडं न करता. वहीच्या पानांत जपलेलं मोरपीस ओढून काढताना बोटांना जेवढा ओढा लागतो, तेवढाच इथे लागला पाहिजे. गेलंच नाही तर ०.१० लावून बघा, मग ०.०५. सैल गेलं तर ०.२०. जे माप येईल ते वहीत लिहा. इनलेटचंही लिहा. फट चुकीची आहे हे दिसलं तरी लिहून होईपर्यंत स्क्रूला हात लावायचा नाही, हा माझ्या घरचा नियम आहे. स्क्रू फिरवला की ते माप कायमचं गेलं, आणि इंजिन तुम्हाला जे सांगत होतं तेही.

मग सेटिंग. १३ च्या पान्याने लॉकनट अर्धा फेरा ढिला करा. स्क्रू ड्रायव्हरने स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलात की फट कमी होते, उलट फिरवलात की वाढते. पातं जागेवर ठेवून स्क्रू अलगद आणा, मोरपिसाचा ओढा लागेपर्यंत. आता स्क्रू ड्रायव्हर घट्ट धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने लॉकनट आवळा. नट आवळताना स्क्रूला बरोबर घेऊन जातो आणि फट बदलते. नवशिक्याचा सगळा त्रास इथेच होतो. दोन-तीनदा परत करावं लागलं तर लागू द्या. मी सुरुवातीला स्क्रू किंचित ढिला ठेवून नट आवळायचे, म्हणजे शेवटी बरोबर यायचं. हात बसला की अंदाज येतो. नट घट्ट हवा, पण अंगातली सगळी ताकद लावायची नाही.

नट आवळल्यावर पुन्हा मोजा. ०.१५ ओढ्याने जातं आणि ०.२० जात नाही, तर झालं. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर जरा सैल बाजू निवडा, विशेषतः एक्झॉस्टला.

एक फसवणूक सांभाळा. जुन्या स्क्रूचं टोक दांडीवर घासून मध्ये खोलगट होतं. सपाट पातं त्या खळग्यावर पूल होऊन बसतं, तुम्हाला ०.१५ जाणवतं आणि खरी फट त्याहून जास्त असते. व्यवस्थित सेट करूनही एखादा रॉकर मोठ्याने वाजत राहिला, तर तो स्क्रू काढून टोक उजेडात बघा. खळगा असेल तर स्क्रू बदला, महाग नसतो.

पुढचे तीन

आता पुली उलट दिशेने, म्हणजे मागून बघताना घड्याळाच्या काट्याच्या विरुद्ध, बरोबर अर्धा फेरा फिरवा. तुमचा रंगाचा ठिपका सांध्यासमोर येईल, रोटर पाव फेरा मागे सरकेल. हा दोन नंबर. (तपासणी: चार नंबरचे रॉकर सीसॉ करत असले पाहिजेत.) मोजा, लिहा, सेट करा. पुन्हा अर्धा फेरा उलट, मूळ खूण सांध्यावर: तीन नंबर. पुन्हा अर्धा: चार नंबर.

इंजिन सरळ चालतं तेव्हा क्रम १-४-३-२ असतो, उलट फिरवलं की तो १-२-३-४ होतो. फायदा असा की उजवीकडचे दोन आधी संपतात, मग एकदाच डावीकडे जाऊन आडवं व्हायचं. सरळ फिरवून केलंत तरी चूक नाही, फक्त डावीकडचे दोन करून दोन नंबरसाठी परत उजवीकडे यावं लागेल.

आठही झाले की इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि एक नंबर परत मोजा. थकलेल्या हाताने एखादा नट राहून जातो, तो इथे सापडतो.

बंद करणं

कव्हर आतून-बाहेरून पुसा. नवं पॅकिंग कव्हरच्या खोबणीत बसवा. हवं तर कव्हरच्या बाजूला थोडं चिकटवा, हेडच्या बाजूला काहीही लावू नका, नाहीतर पुढच्या वेळी खरवडत बसाल. कव्हर सरळ टेकवून कडी वर चढवा. कडी सैल वाटत असेल तर बदला, ती ताकदीने बसली पाहिजे.

प्लग आधी बोटांनीच शेवटपर्यंत आत न्या, मग पान्याने थोडं आवळा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा बिघडले की मोठं काम निघतं. तारा नंबराप्रमाणे, डिस्ट्रिब्युटरचं झाकण, बॅटरीची तार. पॉइंट आणि टायमिंग याच दिवशी करणार असाल तर ते टॅपेटनंतर करा, कार्बोरेटर सगळ्यांत शेवटी. आणि गाडीखाली गेलाच आहात तर तेलही बदलून घ्या. या इंजिनात फक्त अडीच लिटर तेल असतं आणि कागदी फिल्टर नसतो, नुसती जाळी असते, ती धुवायची.

इंजिन चालू करून पाच मिनिटं चालू द्या आणि दोन्ही कव्हरखाली बोट फिरवून बघा. तेलाचा थेंब दिसला तर कव्हर तिरकं बसलंय. इथे आळस नको. गळणारं तेल खालच्या हीटरच्या खोक्यांवर पडतं, आणि हिवाळ्यात हीटर उघडला की जळक्या तेलाचा वास आणि धूर झोपायच्या जागेत येतो. मुलं मागे झोपलेली असताना तो वास येणं मला मुळीच चालत नाही.

वही काय सांगते

एका वेळच्या आठ मापांतून फारसं कळत नाही. तीन-चार वेळची मापं एकाखाली एक लिहिली की कळायला लागतं. सगळ्या फटी थोड्याथोड्या बदलल्या तर ती नेहमीची झीज. एखादा इनलेट जरा सैल झाला, सेट केला, पुढच्या वेळी जागेवर राहिला, तर विसरून जा.

एकच एक्झॉस्ट दर वेळी घट्ट होत असेल, तर मात्र थांबा. याचा अर्थ एक तर व्हॉल्व्हची दांडी तापून लांबतेय, किंवा सीट हेडमध्ये खचतेय. दांडी लांबते ती मानेशी बारीक होऊन, आणि तिथेच तुटते. सलग तीन तपासण्यांत तोच व्हॉल्व्ह घट्ट सापडला तर मी त्या गाडीने लांबचा प्रवास करत नाही, हेड उतरवते. पाने-स्क्रूने तो आजार बरा होत नाही, फक्त लपतो.

उलट एखादी फट अचानक खूप वाढली, ०.१५ ची ०.४० झाली, तर आधी लॉकनट आणि रॉकर शाफ्टचे नट ढिले झालेत का बघा, मग पुशरॉड वाकलाय का. तेही ठीक असेल आणि एकाच बाजूच्या फटी एकत्र वाढल्या असतील, तर हेड धरून ठेवणारा स्टड क्रँककेसमधून उपटून येत असावा. क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे, मऊ आहे, आणि वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्यात तिचे आटे सुटतात.

माझ्या वहीत नवं हेड बसवल्यापासून तीन नंबरच्या एक्झॉस्टची पाच मापं आहेत. ०.१५, ०.१५, ०.१३, ०.१५, ०.१५. मधल्या त्या ०.१३ ने माझी एक रात्र झोप उडवली होती. तेव्हा मी नेहमीचे ५,००० किलोमीटर होण्याची वाट न बघता दीड हजारावरच पुन्हा कव्हर उघडलं, आणि फट जागेवर सापडली. त्याच आठवड्याच्या शेवटी आम्ही ब्रेनर चढून पलीकडे उतरलो.